मालूकाकूंचा पुढचा गिअर

आमच्या शेजारच्या मालूकाकू चढावावर सायकलवरून उतरत नाहीत. चेन पडली की एक पाय रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या बुटक्या गडग्यावर टेकवतात आणि बसल्या जागेवरून सायकलचा उद्धार करतात. वय वर्षं सदुसष्ट. हँडलला पिशवी, पिशवीत मिरकरवाडा बंदरावरचे बांगडे. मागे रिक्षांची रांग लागली तरी बाई ढिम्म.

ती सायकल म्हणजे अठरापगड प्रकरण. सांगाडा भाच्याचा, पुढच्या दातेरी चकत्या मिरजोळ्याच्या भंगारातल्या, हँडलवरचा गिअरचा खटका तिसऱ्याच कंपनीचा. चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा पिंजरा मोठ्या चकतीच्या मापाचा आणि काकूंच्या चकत्या लहान. त्यामुळे चेन एकतर पिंजऱ्याला घासून करकरते, नाहीतर सरळ खाली पडते.

"एकाचं एकाशी पटत नाही," काकू सांगतात, "पण म्हणून काय संसार मोडायचा?"

हा संसार जुळवला तो आप्पांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी. त्यांचं सायकलचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात गेला आणि बोलणंही थांबलं. "त्यांना बोलतं करा," डॉक्टर म्हणाले. काकूंनी ते फारच मनावर घेतलं. पेपर वाचून दाखवला, भजनं लावली, राजकारणावर मुद्दाम चुकीची मतं मांडली. आप्पा नुसते बघत राहायचे.

मी सायकलवेडा माणूस. मला ती करकर ऐकवेना. महिनाभर शोधून पुण्याहून योग्य मापाचा पिंजरा मागवला आणि रविवारी सकाळी पाना घेऊन हजर झालो.

"आत्ता बसवतो, काकू. जन्मात चेन पडायची नाही."

"तुला कोणी सांगितला होता नसता उद्योग?" काकू कडाडल्या. हात दाखवून अवलक्षण ते हेच!

त्यांनी ओसरीवर आप्पांच्या खुर्चीसमोर सायकल उलटी उभी केली आणि पॅडल फिरवलं. करकर सुरू झाली. मग पिंजऱ्याचा स्क्रू पिळला, तो चक्क उलट्या बाजूला. करकर दुप्पट. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्यावर डोळे वटारले.

आप्पांचा चेहरा लाल झाला. ओठ थरथरले.

"उ... उलटा," ते म्हणाले. मग अगदी स्वच्छ, "अगं, उलटा पिळलास! मागे घे. पाऊण फेरा."

"पाऊण की अर्धा?"

"पाऊण! कधी शिकणार तू?"

काकूंनी पाऊण फेरा मागे घेतला. करकर थांबली. आप्पा विजयी मुद्रेने मागे टेकले आणि हसले. मी त्यांचा आवाज दोन वर्षांनी ऐकत होतो.

काकू पदराने डोळे टिपत माझ्याकडे वळल्या. हळूच म्हणाल्या, "दिवसातून एकदा एवढंच बोलतात रे. ह्या सायकलची खोड कायमची गेली, तर ह्यांना बोलतं कशाने करू?"

नवा पिंजरा मी गुपचूप पिशवीत घातला. स्वतःच्या हुशारीची लाज वाटली आणि आनंदही पोटात मावेना.

"काकू," मी कुजबुजलो, "जाता जाता गिअरची तार जरा सैल करून ठेवू?"

"ठेव रे मेल्या," काकू म्हणाल्या, "एखादं वाक्य वाढेल."