झांजा कुठं गेल्या?

केशण्णाला लग्न कधी झालं असं विचारलं तर तो साल सांगत नसे. "चौथ्या आणि पाचव्या अल्बमच्या मध्ये," असं म्हणायचा. वर सुस्कारा टाकून पुढं, "वाईट दिवस होते ते. ड्रमर सोडून गेलेला." मुलगी सहाव्याच्या वेळची. वडील गेले ते सातव्याच्या आधी, "म्हणजे सातवा त्यांनी ऐकला नाही." वडिलांनी आधीचे सहा तरी ऐकले होते का, हे विचारायचं धैर्य मला कधी झालं नाही.

हे सगळे अल्बम ज्यांचे, त्या बँडचं नाव ग्रे फर्नेस. इंग्लंडातल्या कुठल्याशा ओतकामाच्या गावातले पाच दांडगे लोक. केसांनी कमरेपर्यंत आणि गाण्यांनी डोक्यापर्यंत पोचलेले. केशण्णा त्यांना 'भट्टी' म्हणायचा. "आमच्या भट्टीचं पत्र आलं नाही बरेच दिवस," असं सहज बोलून जायचा, जणू गावाकडचे चुलते.

मी पुण्याहून नोकरीला बंगळुरात आलो आणि मल्लेश्वरमच्या मागच्या अंगाला केशण्णाच्या घरात, वरच्या खोलीत भाडेकरू झालो. त्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराबरोबर इकडं आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी होती, पण तिच्यात इतकी कन्नड मुरलेली, की पहिले दोन महिने मी नुसता मान हलवत होतो. केशण्णा यशवंतपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. बावीस वर्षं पत्र्याला भोकं पाडत होता. दिवसभर धाडधाड ऐकून आलेला माणूस संध्याकाळी पुन्हा धाडधाडच कशी लावतो, असं मी एकदा विचारलं.

"पुण्या," तो म्हणाला (माझं नाव त्याने कधी वापरलं नाही), "तिकडं मशीन मला वाजवतं. इकडं माणसं वाजवतात. फरक आहे रे."

त्याच्याकडे एक काळा शर्ट होता. भट्टीचा अधिकृत शर्ट विलायतेत मिळतो, म्हणून याने लॉऱ्यांवर पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून साध्या शर्टावर नाव काढून घेतलं होतं. पेंटरने फर्नेसमधला आर खाल्ला, दोन्ही बाजूंना सवयीने कमळं काढली आणि खाली कन्नडमध्ये स्वतःची सही ठोकली. आंघोळ करून, हा शर्ट घालूनच केशण्णा नवा अल्बम ऐकायचा. अनवाणी. उभ्याने.

मला हे संगीत आवडत नव्हतं. आजही फारसं आवडत नाही. पण मी कंपनीच्या कामासाठी तीन महिने इंग्लंडला जाऊन आलो आणि येताना सीडी प्लेअर आणला, तिथं माझे रविवार संपले. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर मान मोडून रविवारी जरा पडावं, तर दहाच्या ठोक्याला जिन्यावर पावलं वाजायची. केशण्णाबरोबर दोघे. एक फ्रान्सिस, रेल्वेतला कारकून, चर्चमधून थेट यायचा, त्यामुळं कोट-टायमध्ये. दुसरा मूर्ती, बँकेतला, कपाळावर गंध. तिघेही कॉलेजात असल्यापासून भट्टीचे भक्त. आता तिघांचीही पोटं सुटलेली, फ्रान्सिसचा गुडघा धरलेला, मूर्तीला आम्लपित्त. इंग्रजी, कन्नड आणि मराठीची खिचडी करून ते भांडत, आणि मी कॉफी करत असे.

त्यांची मतं मला पाठ झाली होती. मूर्तीच्या मते दुसऱ्या अल्बमनंतरची भट्टी म्हणजे एकाच पावडरीवर तिसऱ्यांदा ओतलेलं पाणी. "रंग असतो, वास असतो, कॉफी नसते." फ्रान्सिस उदार होता. माणसं म्हातारी होणारच, म्हातारपणाचंही एक संगीत असतं, वगैरे. आणि केशण्णा? त्याला मतच नव्हतं. भट्टीने जे केलं ते बरोबर. ड्रमर गेला, बरोबर. परत आला, तेही बरोबर. एका अल्बमवर त्यांनी व्हायोलिनं घातली, तेव्हा मूर्तीने महिनाभर सुतक पाळलं. केशण्णा फक्त म्हणाला, "थंडी असते तिकडं. काहीतरी कारण असेल."

तर भट्टीचा नवा अल्बम आला, सात वर्षांनी. 'द लाँग शिफ्ट' नावाचा. योगायोगाने मी तेव्हा पुन्हा इंग्लंडात होतो. केशण्णाने आयुष्यात पहिल्यांदा परदेशी फोन लावला, आणि शेजारच्या बूथमधून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "दोन आण! एक ऐकायला, एक ठेवायला!"

पुढच्या रविवारी माझ्या खोलीत कोर्ट भरलं. केशण्णा शर्ट घालून, अनवाणी, मध्यभागी. मी बटण दाबलं. पन्नास मिनिटं कुणी बोललं नाही. संपल्यावर फ्रान्सिसने रुमालाने डोळे पुसले.

"दहा वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम," तो म्हणाला.

"पाणी," मूर्ती म्हणाला. "पण गरम आहे, हे मान्य."

मग दोघांनीही केशण्णाकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"झांजा नाहीत," तो म्हणाला.

"काय?"

"ड्रमवाल्यानं झांजा वाजवल्याच नाहीत. नुसता ढोल. सगळ्या गाण्यांत." त्याचा आवाज चढला. "इतकी वर्षं ऐकतोय मी! झांजेशिवाय भट्टी म्हणजे काय? गणपतीपुढं नुसता नगारा?"

देवळाच्या पुजाऱ्यानेच देवात राम नाही म्हणावं, तसं झालं. मग एकदम गलका. फ्रान्सिस उभा राहिला. "आहेत झांजा! तिसऱ्या गाण्यात तर नुसत्या झांजाच आहेत!" मूर्तीचीही पंचाईत झाली. बँडला शिव्या घालणं हे त्याचं खातं होतं. ते दुसऱ्याने घेतल्यावर त्याला नाइलाजाने बँडची बाजू घ्यावी लागली. केशण्णाने आधी माझ्या सीडी प्लेअरला दोष दिला, मग एकूणच सीडी या वस्तूला, आणि शेवटी मला. "पुण्या, तू रस्त्यावरचा खोटा माल आणलास." मी पावती दाखवली. तो पावतीकडे बघून म्हणाला, "पावतीत झांजा आहेत काय?"

तीन रविवार हा वाद चालला. चौथ्या रविवारी फ्रान्सिस आला नाही. गुडघा दुखतो, म्हणाला. मूर्ती आला, पण लवकर गेला. मला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. झोप मिळणार होती. पण रिकाम्या खोलीत पडून राहिलो आणि झोप काही लागली नाही.

केशण्णाने मात्र माघार घेतली नाही. त्याने थेट भट्टीला पत्र लिहायचं ठरवलं. इंग्रजी माझं, विचार त्याचे. कारखान्यात रजेचे अर्ज लिहून त्याची एक शैली बनलेली होती. "लिही. रिस्पेक्टेड सर्स. आय बेग टू स्टेट, की अंडरसाइन्ड हा आपला जुना माणूस आहे. सदर अल्बमात झांज येत नाही. काइंडली लुक इनटू द मॅटर अँड डू द नीडफुल." थोडं थांबून म्हणाला, "शेवटी लिही, ड्रमरसाहेबांची तब्येत बरी आहे ना? हात-बीत दुखत असेल तर कळवा. मग आमची तक्रार नाही."

ते पत्र मी ऑफिसात टाइप केलं आणि बॅगेत तसंच ठेवलं. पाठवावं की नाही, कळेना. कारण झांजा होत्या. माझ्यासारख्या अडाण्यालाही ऐकू येत होत्या. पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारख्या त्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजत होत्या.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी केशण्णा दुसऱ्या अल्बमची कॅसेट घेऊन वर आला. "ही ऐक. म्हणजे कळेल तुला झांज काय असते." कॅसेट वीस वर्षांची, कुणाच्या तरी रेकॉर्डवरून भरून घेतलेली. इतकी झिजलेली, की रजईत गुंडाळून वाजवल्यासारखं येत होतं. ढोल कळत होता, गाणाऱ्याची आरोळी कळत होती. बाकी नुसती घरघर. मी कान देऊन ऐकलं. झांज एकही नाही. टेपवरून कधीच पुसली गेली होती.

केशण्णा डोळे मिटून उभा होता. उजव्या हाताचं बोट वर जात होतं, खाली येत होतं. "हां... ही बघ... आणि आता दोन... च्छन्, च्छन्! ऐकलंस?"

मी त्याच्या बोटाकडे बघत राहिलो. जे टेपमध्ये नव्हतं, ते त्याला ऐकू येत होतं. आणि जे सीडीत होतं, ते येत नव्हतं.

"ऐकलं," मी म्हणालो.

त्याने डोळे उघडले. माझं तोंड बघून त्याला काय कळायचं ते कळलं असावं. त्याने स्वतः टेप बंद केली आणि खाटेच्या कडेवर बसला.

"पत्र टाकलंस?"

"नाही."

"टाकू नकोस." आपल्या अनवाणी पायांकडे बघत तो म्हणाला, "कारखान्यात डॉक्टर आलेला दोन महिन्यांमागं. कानाला यंत्र लावून बघितलं. बारीक आवाज गेले, म्हणाला. मोठे राहतील काही वर्षं. मी म्हटलं, तुझं यंत्र बिघडलंय. त्यानं दुसरं आणलं." तो हसला. "दोन यंत्रं कशी बिघडतील रे एकदम?"

"फ्रान्सिसना सांगितलंत?"

"त्याला काय सांगू? पंचवीस वर्षं त्याच्याशी आवाजावर भांडलो मी."

कॉफी करू का, असं मी विचारलं. नको म्हणाला. मग अचानक उठून त्याने ती नवी सीडी लावायला सांगितली आणि आपला हात माझ्यापुढं केला. तळवा वर.

"कुठं कुठं आहेत, ते दाखव. झांज आली की इथं मार."

मी त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवून बसलो. त्या रागीट, दणदणीत गोंधळात मी पहिल्यांदाच नीट कान दिला, आणि झांज आली की टिचकी मारत गेलो. पहिल्या दिवशी अनेक चुकल्या. "मध्ये एक राहिली असणार," तो म्हणायचा, "तिथं तो सोडणार नाही, मी ओळखतो त्याला," आणि परत लावून बघितलं की खरंच एक राहिलेली असायची. चार संध्याकाळी आम्ही हे केलं. दोन थकलेली माणसं, एक पत्र्याने आणि एक कॉम्प्युटरने, हातात हात घेऊन बसलेली. कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं, कोण जाणे.

चौथ्या दिवशी शेवटचं गाणं संपल्यावर त्याने हात काढला नाही.

"चांगला आहे रे अल्बम," तो म्हणाला. "उगाच बोललो मी त्यांना." मग खिडकीबाहेर बघत, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसा म्हणाला, "झांजेचं जाऊ दे. झांज पाठ करता येते. सुमीचा आवाज बारीक आहे."

सुमी म्हणजे त्याची बायको, सुमक्का. शांत बाई. बोलायची कमी, आणि बोलली तरी शेजारच्या खोलीत पोचणार नाही असं.

"अर्धं येतं, अर्धं जातं," केशण्णा म्हणाला. "मी आपला 'सरी, सरी' म्हणतो, होला हो. परवा सरी म्हटलं, तर ती रडायला लागली. काय म्हणाली होती, मला गोत्तच नाही."

"मग विचारायचं नाही का?"

"काय विचारू? परत सांग म्हटलं की कळणारच ना तिला."

मी त्याला म्हणालो, की तिला न कळता कसं राहील. तो उठला, सीडी प्लेअरवर हात ठेवून जरा उभा राहिला आणि खाली गेला.

रविवारी मीच फ्रान्सिस आणि मूर्तीला निरोप धाडून बोलावलं. केशण्णाने शर्ट घातला, सीडी लावायला लावली आणि तिसऱ्या गाण्यात बोट वर करून जाहीर केलं, "ही बघा! काय झांज आहे! चुकलो मी."

फ्रान्सिसने त्याला मिठीच मारली. मूर्तीला आपलं जुनं खातं परत मिळालं, म्हणून तो ताबडतोब म्हणाला, "झांज आहे, पण दम नाही."

"तू बहिरा आहेस," केशण्णा त्याला म्हणाला, आणि पुढचा दीड तास तिघे असे भांडले, की खालच्या गल्लीतली माणसं वर बघून गेली. मी कॉफी केली. दोनदा.

दुपारी ते दोघे गेल्यावर मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलो. खाली अंगणात सुमक्का सुपात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. केशण्णा तिच्यामागं पायरीवर होता. ती मान वर न करता काहीतरी म्हणाली. तो 'सरी' म्हणेल असं मला वाटलं. तो उठला, पायरीवरून खाली आला आणि तिच्या अगदी पुढ्यात जमिनीवर मांडी घालून बसला, तिच्या तोंडाकडे बघत.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "परत सांग."

सुमक्काचे हात थांबले. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग सूप बाजूला सरकवून, थोडी पुढं वाकून, सावकाश, एकेक शब्द सुटा करत तिने परत सांगितलं. मोठंसं काही नव्हतं. गॅसवाला आज आला नाही, एवढंच.