मुकादमाने खोली रिकामी केली

मुकादम घरसामान हलवणाऱ्या कंपनीत ट्रक भरायचा. अख्खा संसार एका ट्रकात असा बसवायचा की आत झुरळालाही कूस बदलता येऊ नये. घरी मात्र आनंद! लोकांनी टाकलेली खोकी, सुतळ्या, तीन पायांचं टेबल, काच नसलेला आरसा (चौकट चांगली होती हो!), सगळं तो घरी आणायचा. का, तर म्हणे कधीतरी कामाला येईल. आतल्या छोट्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

अशात सासूबाईंचा फोन आला. महिनाभर राहायला येत होत्या.

"हे सगळं भंगारवाल्याला देऊन टाकू," बायको म्हणाली.

मुकादम खोक्यांना आडवा झाला. "अगं, जागा आहे गं घरात! नीट रचायला हवं फक्त. माझं रोजचंच काम आहे हे."

"बरं. मी आईला आणायला जातेय. तिला ती खोली रिकामी मिळाली नाही ना, तर तिच्याबरोबर मीही माहेरी जाईन. मग तुम्ही आणि तुमची खोकी, सुखाने नांदा."

तिची पाठ वळताच मुकादमाने बाह्या सरसावल्या. छोट्या खोलीतलं एकेक बाहेरच्या खोलीत आणलं आणि ट्रकाच्या सवयीने रचायला घेतलं. जड खाली, हलकं वर, पोकळी दिसली की भर. टेबलाच्या पोटात खोकी, बादलीत उशा, कुकरात मोजे (धुतलेले होते, बहुतेक). आतून रचत, मागे सरकत सरकत स्वारी थेट दाराबाहेर आली. शेवटचं खोकं खांद्याने रेटलं, दार ओढलं, कडी घातली आणि दारावर दोन थापा मारून तो ओरडला, "जाऊ दे!"

घर काही जागचं हललं नाही. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला.

इतक्यात मायलेकी जिना चढून आल्या.

"झाली का खोली रिकामी?"

"एकदम लख्ख!" मुकादम दाराला पाठ लावून म्हणाला. (यात खोटं काहीच नव्हतं.)

"मग सरका की."

दार उघडलं. समोर खोक्यांची भिंत, थेट छतापर्यंत. वरून एक उशी सासूबाईंच्या पायावर पडली.

"जावईबापू, आत जायचं कुठून?"

"तेवढंच राहिलंय बघा."

तोच भिंतीपलीकडून आवाज आला, "सूनबाई, आलीस का? चहा ठेव गं."

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो! अप्पांना पण भरलंत?"

"स्वयंपाकघरात झोपले होते गं... वडिलांची झोपमोड कशाला करायची?"

"मला काढायची घाई करू नका!" अप्पा आतून ओरडले. "काय मोकळी झालीय छोटी खोली! येरझाऱ्या घालतोय मी!"

सासूबाईंनी आपली पिशवी जावयाच्या गळ्यात अडकवली आणि पहिलं खोकं ओढलं. सामान बाहेर यायला लागलं तसा जिना भरायला लागला. वरच्या मजल्यावरचा शिंपी तिथे अडकला.

"हे टेबल टाकताय का?"

मुकादमाने तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "न्या की!"

"अहो, ते कामाचं आहे!" मुकादम कळवळला.

"मग करू दे ना त्याला कुणाकडे तरी काम!"

बातमी इमारतभर पसरायला कितीसा वेळ! खोकी गेली, सुतळ्या गेल्या. आरशाची चौकट तर दोन शेजारणींनी भांडून नेली. मुकादम प्रत्येक नगाला डोळ्यांनी निरोप देत राहिला. कुकर तेवढा बायकोने वेळेवर हिसकावून घेतला.

संध्याकाळी छोट्या खोलीत सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या. अप्पा बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. बायकोने माहेरचं नावही काढलं नाही, तेव्हा मुकादमाचा जीव भांड्यात पडला. पण इतका वेळ दाराबाहेर उभा होता की गळ्यातली पिशवी काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

शिंपी पुन्हा डोकावला. "वहिनी, आणखी काही द्यायचं उरलंय?" मग त्याने मुकादमाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे?"

"आईने विचारून पाहिलं सगळ्यांना, कुणी न्यायला तयार नाही," बायको म्हणाली. "असू दे इथेच. कधीतरी कामाला येईल."