सुमित्रामावशींचा गृहपाठ

आमच्या फुलसावंगीत सुमित्रामावशी भेटल्या की "बरं हाय काय?" असं विचारत नाहीत. "गृहपाठ झाला काय?" असं विचारतात. त्यात लहान-मोठा भेद नाही. माझ्या दिराच्या लग्नात त्यांनी नवरदेवालाच विचारलं. तो बिचारा बाशिंग सावरत "हो, झाला" म्हणाला.

मावशी सरकारी दवाखान्यातून आया म्हणून रिटायर झालेल्या. नवरा केव्हाच गेला, मूलबाळ नाही. घर आमच्या भिंतीला लागून. शाळा सुटली की त्यांच्या ओसरीवर गल्लीतली पोट्टी जमतात. ज्यांचा गृहपाठ कधीच पुरा होत नाही, तेवढी. माझा सोनू त्यात पहिला.

पद्धत सगळी दवाखान्यातली. गणितं जास्त असली तर "अर्धी गोळी आता, अर्धी चहा झाल्यावर." शुद्धलेखन लांबलं तर "पेशंटले दम लागून राह्यला," म्हणून सगळ्यांना अंगणात चक्कर. शिकवत मात्र काहीच नाहीत. उलट, "हा आकडा खाली काहून उतरवला? मले नाई समजलं," म्हणतात. सोनू समजावतो. मावशी आणखी गोंधळतात. मग सोनू गोंधळतो. भिंतीअलीकडे भाकरी थापता थापता मीही गोंधळते. तरी गृहपाठ होतो. कसा, ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या वर्षी कापसाचं काही खरं नव्हतं. शेजारच्या कविताचे बाबा काम शोधायला हैदराबादकडे गेले होते आणि आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. कविता सोनूच्याच वर्गात, चौथीत. शाळेतून आली की पाणी भरायची, भांडी घासायची, आणि मावशींच्या ओसरीवर वही उघडली की वहीवरच झोपायची. मावशी तिला उठवत नसत. "झोपल्या पेशंटले उठवू नाई," म्हणत. मला हे काही पटत नव्हतं.

व्हायचं तेच झालं. गुरुजी कविताला वर्गाबाहेर उभं करू लागले. एका सकाळी ती दारातच बसून राहिली. "मी नाई जात शाळेत. पोट्टे हासतात."

मावशींनी लुगडं सारखं केलं, तिचा हात धरला आणि शाळेकडे निघाल्या. मी मागोमाग. कविताला त्यांनी वर्गात बसवलं आणि स्वतः दाराशी कान धरून उभ्या राहिल्या.

गुरुजी धावत बाहेर आले. "मावशी, हे काय?"

"गृहपाठ राह्यला, गुरुजी."

"कोणाचा?"

"कविताचा. पन तिले झोपू मी देल्लं. मंग शिक्षा तिले काहून?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. आत पोरं हसायला लागली. या वेळी कविताही हसत होती.

"कान सोडा हो मावशी," गुरुजी हात जोडून म्हणाले. "तिला सकाळी थोडी लवकर पाठवा. माझ्यासमोर करील ती गृहपाठ."

तसं झालं. कविताचा गृहपाठ शाळेतच होऊ लागला, आणि तिचं ओसरीवर येणंही थांबलं. मला वाटलं, मावशी खूश असतील. "बरंच झालं," त्या म्हणाल्या, आणि झाडलेली ओसरी पुन्हा झाडायला लागल्या. आता यात बिनसलं काय, ते मला कळेना.

एका संध्याकाळी मी विरजण मागायला गेले. बाकीची पोरं घरी पांगली होती. पायरीशी कविता उभी होती, दप्तराशिवाय.

"तुहा गृहपाठ तं झाला ना वं?" मावशी म्हणाल्या. "मंग कायले आली?"

"आई नाई आली अजून. घरात कोनीच नाई."

मावशी जरा सरकून बसल्या. वेचणीच्या बाया ज्या रस्त्यानं परततात, तिकडे बघत म्हणाल्या, "बस इथं. मले कोनाची वाट पाह्याची नसते. तुह्या मायचीच पाहू दोघी."