पंपाचे ठोके

विद्याधर राऊतांच्या मनगटावर पट्टा बांधतानाच त्यांच्या लेकीने, विनयाने, अट घातली होती. महिनाभर आकडे नीट आले तर बाबा वटारच्या वाडीत राहणार. एकदा जरी बिघडले, तर बॅग भरून तिच्याकडे चंदनसारला, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. विद्याधररावांना बहात्तर वर्षांत चौथ्या मजल्याची कधी गरज पडली नव्हती. त्यांची सगळी केळी तळमजल्यावरच होती.

पट्टा मात्र भारी होता. चार्जर नको, सेल नको. हात हलला की वीज, अंगाची ऊब मिळाली की वीज, आणि त्याच विजेवर ठोके, ताप, पावलं मोजून थेट विनयाच्या मोबाईलवर. भानगड एकच. दुपारी जेवून विद्याधरराव चिकूखाली बाजेवर पडत, तेव्हा हात हलत नसे आणि नुसत्या उबेवर त्याचं भागत नसे. मग पट्टा गप्प व्हायचा आणि फोन बोलू लागायचा.

"बाबा, पट्टा बंद का दाखवतोय?"

"मी झोपलोय म्हणून."

"झोपलात, तर बोलताय कसे?"

असे एकोणतीस दिवस गेले. तिसाव्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, विद्याधररावांनी डोकं चालवलं. दुपारी दोन वाजता वाडीत सतत हलणारं आणि गरम असं काय असतं? पाण्याचा पंप. घटकाभर त्यालाच वीज भरू दे, म्हणून त्यांनी पट्टा पंपाच्या मोटरला घट्ट आवळला, फोन ओटीवर ठेवला आणि महिन्यात पहिल्यांदाच पोटभर झोपले.

तिकडे चंदनसारला विनयाचा मोबाईल बोंबलायला लागला. ठोके एकशे नव्वद, तेही अनियमित. ताप पन्नास अंश. एवढ्या तापात माणूस नाही, भाकरी असते, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण विचार करायला वेळच मिळाला नाही. पुढच्या मिनिटाला वटारची लाइट गेली आणि ठोके शून्यावर आले.

विनया "बाबा, बाबा" करत चार मजले उतरली. बाबा फोन उचलेनात, तेव्हा रिक्षात बसता बसता तिने वाडीशेजारच्या एरॉलला फोन लावला. एरॉलचं मोटर दुरुस्तीचं दुकान होतं, पण त्या क्षणी तो तिच्यासाठी मोठा डॉक्टरच होता. तो अनवाणी धावला. मागून त्याची बायको ज्युली साखरपाणी घेऊन आली, आणि पलीकडच्या मायकलने गाडी चालू करून दारात आणली.

विद्याधरराव तोंड उघडं टाकून निपचित पडलेले. एरॉलने दोन्ही हात त्यांच्या छातीवर ठेवले आणि जोर लावला.

"एरॉल," डोळे न उघडता विद्याधरराव म्हणाले, "काय हवंय ते माग ना बाबा, दाबतोस कशाला?"

अर्ध्या तासाने विनया पोहोचली, तेव्हा बाबा बाजेवर बसून साखरपाणी पीत होते. ती रडली, मग ओरडली, मग पुन्हा रडली. लाइट आली होती. बाबांनी सांगितल्यावर पंपावरचा पट्टा सोडायला गेलेल्या एरॉलने पंपाला कान लावला आणि हाक मारली, "काका, यंत्र खोटं नाही बोललं. बेअरिंग गेलंय. ठोके चुकतायत ते पंपाचे."

विद्याधरराव घरात गेले आणि भरलेली बॅग घेऊन बाहेर आले. शब्द म्हणजे शब्द. "चल, हरलो. फक्त एक सांग. तिकडे मला असं काही झालं, तर धावून कोण येईल?"

"समोरचे येतील ना."

"नाव काय त्यांचं?"

विनयाने बराच विचार केला. "आम्ही त्यांना चारशे दोन म्हणतो."

ज्युलीला हसू आवरेना. विनयाने बाबांच्या हातातली बॅग घेतली, घरात नेऊन रिकामी केली आणि पट्ट्याच्या ॲपमध्ये आपल्या नंबरच्या वर एरॉलचा नंबर टाकला.

संध्याकाळी ती चंदनसारला परतली. स्वतःच्या दाराला चावी लावण्याआधी तिने सात वर्षांत पहिल्यांदाच समोरची बेल दाबली. दार उघडलं.

"मी चारशे एक," ती घाईत म्हणाली, "म्हणजे, मी विनया."

"माहितीये हो," समोरच्या बाईंनी तिचा हात धरून आत ओढलं. "आधी सांगा, बाबा कसे आहेत? दुपारी ओरडत उतरलात, तेव्हापासून आमच्याकडे कुणी चहासुद्धा घेतला नाहीये."