विक्कीच्या वॉशिंग सेंटरची तपासणी

अठरा दिवसांचं उद्योजकता प्रशिक्षण घेऊन विक्की वणीला परतला, तेव्हापासून त्याला नोकरी शोधणाऱ्या पोरांची कीव येऊ लागली. "आपण नोकरी मांगत नाही, देत असतो," हे तो आईला, सत्यशीलाबाईंना, रोज जेवताना ऐकवी. कोळशाच्या धुळीने वणीतली झाडून सगळी वाहनं काळी होतात, तेव्हा वॉशिंग सेंटर धो धो चालणार, असं त्याचं गणित. पण लोकांचं म्हणणं एकच, "संध्याकाळी पुन्हा काळीच होते, मंग धुवाची कायले?"

तीन महिने सेंटरकडे कुत्रं फिरकलं नाही. आणि तपासणीचा फोन आला. सेंटर चालताना दिसलं नाही, तर प्रशिक्षणवाले त्यांनीच दिलेली पाण्याची मशीन परत नेणार होते.

विक्कीने डोकं लढवलं. भीमराजमामांसह अकरा नातेवाईक गाड्या घेऊन रांगेत उभे केले. भलताच कोणी घुसून घोळ घालायला नको, म्हणून यादी देऊन आईला फाटकावर बसवलं.

तपासणीला आलेले साहेब रांग पाहून खूश झाले. "कधीपासून येता इथे?" त्यांनी मामांना विचारलं.

"पोरगा पैदा झाला तेव्हापासून," मामा म्हणाले.

तेवढ्यात फाटकाशी ट्रक थांबला आणि कय्युमभाई उतरले. "बारा ट्रक हायेत आपले. दर हप्त्याले धुवून पाह्यजेन."

सत्यशीलाबाईंनी यादीवरून बोट फिरवलं. "तुमचं नाव नाही जी. उद्या या. आज तपासणी हाये, आज खरं गिऱ्हाईक घेत नाही."

ट्रक वळून गेलासुद्धा. विक्की पाहतच राहिला. हातातली नळी मामांच्या बुटात पाणी भरत राहिली.

"म्हणजे हे गिऱ्हाईक नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब. घरचेच हायेत," विक्की कसाबसा म्हणाला. मशीन गेली, हे तो धरूनच चालला होता.

साहेबांनी पेन काढलं. "गिऱ्हाईक नाहीत, तर कामगार असतील. अरे, अख्ख्या जिल्ह्यात कोणी दोघांना काम देईना, तू अकरा जणांना दिलंस!" अकराही जणांच्या सह्या घेऊन, विक्कीची पाठ थोपटून ते निघून गेले. मशीन जागेवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विक्कीने फाटक उघडलं आणि तो जागीच थिजला. अकराही जण डबे घेऊन उभे होते.

"मालक, जेवाची सुट्टी किती वाजता?" भीमराजमामांनी विचारलं.