तांबडा दिवा पूर्ववत

कोणतीही संस्था चालते ती तिच्या नोंदवहीवर. यंत्रं, माणसं आणि वाहनं ही नंतर येतात, आणि शक्यतो नोंद वाचूनच येतात. हे ज्याला कळलं तो बढती मिळवतो. ज्याला कळत नाही तो गाडी चालवतो.

कार्यालयाच्या मोटारीचे चालक, ज्यांना शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे 'मामा' म्हणत, त्यांना हे एकोणतीस वर्षं कळलं नाही. मात्र तेवढ्या काळात त्यांची गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नव्हती. निवृत्तीच्या दिवशी अशा चालकाला 'अखंड सेवा' प्रमाणपत्र मिळतं. (आजवर कुणालाच मिळालेलं नाही, चौकट मात्र दरवर्षी पुसली जाते.) मामांचा त्या कागदावर भारी जीव. त्यासाठी त्यांनी बैठकीच्या खोलीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

"बाजारात तुरी आणि यांचा खिळा भिंतीवर!" मामी म्हणाल्या आणि त्यांनी खिळ्याला भाजीची पिशवी अडकवली.

निवृत्तीला वर्ष उरलं आणि डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असलेला तांबडा दिवा लागला. लागला तो विझेना. इंजिनावरचा पट्टा अल्टरनेटरला फिरवतो, अल्टरनेटर वीज तयार करून बॅटरी भरतो. पट्टा ढिला पडला की बॅटरीतून नुसता खर्च, वरून भर काही नाही. पट्टा सकाळी सकाळी किंचाळतही होता. उपाय एकच: नट सैल करा, पट्टा ताणा, नट आवळा. वेळ दहा मिनिटं, चहा धरून पंधरा.

पण चालकाने बॉनेटला हात लावू नये असा नियम आहे. (पूर्वी एकाने लावला होता. बॉनेट खाली आलं तेव्हा त्यात तपासनिसांचा टाय अडकला. टायमध्ये तपासनीस होते.)

मामांनी रीतसर तक्रार केली. तक्रारीच्या छापील अर्जात बॅटरी, टायर, काच आणि 'इतर (लागू नाही)' असे चार रकाने असतात. भांडारप्रमुखांनी नवी बॅटरी दिली.

"अहो, बॅटरीला काही झालेलं नाही. तिला भरणारा पट्टा ढिला आहे," मामा म्हणाले.

"मामा, दिव्यावर चित्र कशाचं आहे?"

"बॅटरीचं."

"मग? गाडी बनवणारे काय वेडे आहेत?"

शहाण्याने अर्जाची पायरी चढू नये म्हणतात, पण ती चढल्यावर उतरायची कशी ते कुणी सांगत नाही.

अकरा महिन्यांत चार बॅटऱ्या बदलल्या. वार्षिक अहवालात 'बॅटरी पुरवठ्यात चौपट प्रगती' अशी नोंद झाली आणि भांडारप्रमुखांचा टाळ्यांच्या गजरात गौरव झाला. तपासनीस दर बुधवारी वहीत लिहीत गेले: 'तांबडा दिवा लागतो.' असा निष्ठावंत दिवा दुसऱ्या कुठल्याही विभागात नव्हता.

नोकरीचा शेवटचा आठवडा उजाडला तसा मामांचा धीर सुटला. सोमवारी भल्या सकाळी गाडी धुण्याच्या निमित्ताने त्यांनी घरचा पाना काढला, आडोसा बघून बॉनेट उघडलं आणि पट्टा ताणून नट आवळला. गाडी सुरू केली. दिवा विझला. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी स्टिअरिंगवर चक्क डोकं टेकलं. बाहीला काळं लागलं, त्याबद्दल मामींनी घरी जे काय सुनावायचं ते सुनावलं, पण मामा आपले हसतच होते.

बुधवारी तपासनीस वही घेऊन आले.

"मामा, दिवा का लागत नाही?"

"साहेब, आता बिघाडच नाही."

"असं कसं? अकरा महिने लागतोय. सेवेतून जाताना चालकाने वाहन नोंदीप्रमाणे परत द्यायचं असतं. एक दिवा कमी भरला तर मी वर काय सांगू?"

मामांनी हात जोडले, समजावलं, शेवटी पट्टा आपणच आवळल्याची कबुलीही दिली. ती ऐकून तपासनीस नकळत टाय सावरत दोन पावलं मागे सरकले. दुपारी तंत्रज्ञ आला. त्याने पट्टा सढळ हाताने, होता त्याहून जरा जास्तच ढिला केला आणि शेरा मारला: 'तांबडा दिवा पूर्ववत. काम समाधानकारक.'

शुक्रवारी निरोप समारंभासाठी मोठ्या साहेबांना घेऊन मामा निघाले. साहेबांनी एसी लावला, गाणी लावली, दोन फोन चार्जिंगला लावले. निम्म्या वाटेवर गाणी रडू लागली. मग हॉर्न घसा बसल्यासारखा झाला. मामांनी एसी बंद केला, गाणी बंद केली, श्वासही जवळजवळ बंद केला. कार्यालयाचं फाटक दहा हातांवर आलं, आणि गाडी थांबली. रस्त्यात.

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

कार्यालयातून बत्तीस जण धावत आले. पट्टा आवळायला अकरा महिन्यांत एकही मिळाला नव्हता, पण धक्का मारायला ही झुंबड! भांडारप्रमुख सर्वांत पुढे. तपासनिसांनी गाडी ढकलता ढकलता आत वाकून पाहिलं आणि दिवा मंद का होईना, लागतोय अशी खात्री करून घेतली.

साहेब दयाळू. गाडी आत आलीच ना, मग अखंडच म्हणायची, असा त्यांनी निर्णय दिला. मामांना प्रमाणपत्र मिळालं: 'अखंड सेवा (धक्का धरून)'.

मामांनी ते घरी नेऊन कपाटात उपडं ठेवलं. खिळ्यावरची पिशवी काढली आणि तिथे पाना अडकवला.

"हे काय?" मामींनी विचारलं.

"माझं प्रमाणपत्र," मामा म्हणाले. मामींनी पिशवी मुकाट्याने दाराच्या कडीला लावली.

आता तुम्ही म्हणणार, काय माणसं तरी एकेक! दहा मिनिटांचं काम! अगदी खरं आहे. बरं, तुमच्या गाडीतला तो तांबडा दिवा कधीपासून लागतोय? "छे हो, बॅटरी नवीच आहे" असंच आलं ना मनात? मग काळजी नको. धक्क्याला बत्तीस जण कुठेही मिळतात.