आडनावाचं चौथं गाव

ज्या वर्षी नातीला पहिला दात आला आणि त्याच आठवड्यात थोरल्याचा शेवटचा पडला, त्या वर्षीची ही गोष्ट. थोरला म्हणजे निवृत्त हेडमास्तर. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, काय पाहायचं राहिलं असेल ते यंदाच पाहून घ्या. दुसऱ्या कुणी अंथरूण धरलं असतं. याने नकाशा धरला.

"आपल्या आडनावाची गावं चार आहेत," जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून त्याने जाहीर केलं. "त्यातलं एक आपलं मूळ गाव. मी नुसतं बघितलं की ओळखणार. गाय वासराला ओळखते तसं."

"तुम्ही गाय की वासरू?" वहिनीने विचारलं.

"तू डबे भर. लेक गाडी चालवेल. आणि धाकट्या, तू मागे बसून गप्प राहायचं."

धाकटा म्हणजे पेंटर. त्याने जन्मभर पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, रस्त्यांच्या. थोरल्याचं बोट चौथ्या गावावर टेकलं आणि पेंटर खुर्ची सारून उठला. कारण त्या गावाला ते नाव त्यानेच दिलं होतं.

त्याचं असं झालं. लहानपणी घरात एकालाच शिकवण्याइतकी ऐपत होती आणि तो एक थोरला ठरला. सव्विसाव्या वर्षीही पेंटरला अक्षरओळख नव्हती. पण समोर कागद धरला की त्यावरची अक्षरं तो चित्रासारखी उतरवायचा, आणि अशी की वाचणाऱ्याने मान डोलवावी. न बघता त्याला एकच शब्द यायचा, तो म्हणजे आडनाव. ठेकेदाराने हजेरीच्या सहीपुरतं ते घोटून घेतलं होतं.

एके दिवशी ठेकेदाराने त्याला पाटी, शिडी आणि गावाच्या नावाचा कागद देऊन एका फाट्यावर सोडलं. वारा सुटला, कागद उडाला आणि थेट रंगाच्या डब्यात पडला. विचारायला आसपास चिटपाखरू नाही. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब त्या रस्त्याने जाणार होते. कोरी पाटी दिसली तर नोकरी गेलीच. साहेब गाडीतून जाणार, वाचतायत कशाला, असा विचार करून पेंटरने येत होता तो शब्द झोकात लिहून टाकला. पुढच्या आठवड्यात येऊन बदलू म्हणाला. तो पुढचा आठवडा पंचेचाळीस वर्षं आला नाही. पाटीवरून नाव बसने उचललं, बसवरून पोस्टाने आणि पोस्टावरून नकाशाने.

"चौथ्या गावाचा रस्ता खराब आहे म्हणे," पेंटर म्हणाला.

"कोण म्हणे?"

"पूलसुद्धा पडलाय."

"तिथे नदीच नाहीये," पुतणी नकाशा बघत म्हणाली. "काका, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

निघाले. पहिल्या गावात एक पेट्रोलपंप होता आणि एक कुत्रा. थोरला उतरला, कुत्रा अंगावर आला. "आपलं नाही," थोरला परत बसत म्हणाला. दुसरं गाव धरणात गेलेलं. पाटी तेवढी काठावर उभी, पाण्याकडे बाण दाखवत. थोरला काठापर्यंत जाऊन आला. "असेलही. पण चौकशी कुणाकडे करायची?" तिसऱ्या गावात त्यांच्याच आडनावाची दोन घराणी निघाली आणि दोघांचं हाडवैर. दोन्हींकडून माणसं धावत आली, "तुम्ही कुणाच्या बाजूचे?" उत्तर द्यायच्या आत बाह्या सरसावल्या गेल्या. पुतणीने गाडी पळवली. वहिनीच्या डब्याचं झाकण तिथेच राहिलं.

मग थोरला दमला. खिडकीला डोकं टेकून म्हणाला, "एकच राहिलं. तिथेही काही नसलं, तर आपण कुठलेच नाही."

पोटात दुखतंय म्हणून गाडी वळवायला लावायची, असं पेंटरने ठरवलं होतं. ते वाक्य त्याने गिळलं, आणि मग खरंच दुखायला लागलं.

फाट्यावर थोरला ओरडला, "थांबव. काय अक्षर आहे! धाकट्या, बघ. याला वळण म्हणतात. तुला सांगून सांगून माझा घसा बसला."

पेंटरने बघितलं. गावकऱ्यांनी दरवर्षी त्याच अक्षरांवरून ब्रश फिरवून पाटी नवीकोरी ठेवली होती.

गाव नीटनेटकं, झाडांच्या सावलीतलं. थोरल्याने आडनाव सांगताच दुकानदार हात पुसत बाहेर आला. "म्हणजे तुम्ही घोडेवाल्यांपैकी?"

"कोण घोडेवाले?"

"ज्यांच्यावरून गावाला नाव पडलं ते. पूर्वेकडून सात घोडे घेऊन आले होते."

"नऊ," शेजारचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. मागून अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक आलं.

"सात."

"मग वरचे दोन काय आभाळातून पडले?"

थोरल्यासाठी खुर्ची आली, चहा आला. सगळे त्याला टापांचे ठसे असलेला दगड दाखवायला घेऊन गेले. थोरल्याने दगडावर हात ठेवला तो उचलेचना. "हेच," तो म्हणाला. "हेच आपलं."

इकडे एका म्हातारीने पेंटरची बाही ओढून त्याला दुकानाच्या मागे नेलं. "शिडीवाला ना रे तू?"

पेंटर दोन पावलं मागे सरकला.

"घाबरतोस कशाला? मी तेव्हा नवी सून होते, शेताच्या कडेने बघत होते तुला. आधीचं नाव इतकं वाईट होतं की या गावची सोयरीक करायला कुणी धजत नव्हतं. माझ्या आईने मला गावाचं नाव सांगताना तीनदा खोकून घेतलं होतं. तुझी पाटी लागली आणि सगळ्या गावाने तोंडाला कुलूप घातलं. त्या वर्षी अकरा लग्नं जमली."

"आणि घोडे?"

"ते शाळेतल्या मास्तरांनी नंतर आणले. नुसतं नाव उघडं दिसतं ना."

"आधीचं नाव काय होतं?"

म्हातारीने इकडेतिकडे बघून त्याच्या कानात सांगितलं. पेंटर भिंतीला टेकून खालीच बसला.

परतीच्या वाटेवर थोरला पुढच्या सीटवर ताठ बसला होता. तोंडावर तेज, पोरासारखी बडबड. पेंटरला राहवेना. ज्या भावाने आपल्याला अक्षर दिलं, त्याला फसवायचं कसं?

"दादा, एक सांगायचंय. ती पाटी मी लिहिलीय. ते नाव माझ्यामुळे पडलं."

पुतणीने ब्रेक दाबला. थोरला सावकाश मागे वळला. "कधी?"

"पंचेचाळीस वर्षं झाली."

थोरल्याने बोटांवर हिशेब केला. मग वर्गात काढायचा तो आवाज काढला. "म्हणजे तू सव्वीस वर्षांचा. तुला मुळाक्षरं मी शिकवली एकतिसाव्या वर्षी, आपल्या स्वयंपाकघरात बसून. लिहिता येत नव्हतं आणि पाटी लिहिली? अरे, थाप मारावी, पण निदान बेरीज जमवून मारावी."

"पण दादा..."

"आणि म्हणे ते अक्षर तुझं! तुझं अक्षर मी तपासलंय."

"भावजी, राहू द्या," वहिनी हळूच म्हणाली. "आज किती दिवसांनी भूक लागलीय त्यांना."

पेंटरने झाकण नसलेला डबा पुढे केला.

पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला थोरला मूळ गावाची हकिकत सांगायचा. शेवटी शेवटी घोडे चौदा झाले होते. कुणी शंका काढली तर पेंटरकडे बोट दाखवायचा, "विचारा याला, हा होता माझ्याबरोबर."

पेंटर म्हणायचा, "होतो."

थोरला त्याच वर्षी सात डिसेंबरला, सकाळी साडेनऊ वाजता गेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता.